‘आय यूज्ड टु रीड’ म्हणालात? मग वाचणं सोडलंत कधी?

रोजच्या सवयी आणि पुन्हा पुन्हा येणारे अनुभव इंग्रजीत सांगताना ‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ आणि ‘यूज्ड टु’ नेमके कुठे दगा देतात? इंटरव्ह्यू, आयईएलटीएस आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये यामुळे काय गडबड होते? समजून घ्या

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॅम्पस इंटरव्ह्यूचा दुसरा राउंड. समोरच्या सरांनी विचारलं, मोकळ्या वेळात काय करतोस? मी आदल्या रात्री घोकलेलं वाक्य टाकलं, ‘आय यूज्ड टु रीड न्यूजपेपर डेली.’ त्यांनी फाइलमधून मान वर काढली आणि विचारलं, ‘व्हाय डिड यू स्टॉप?’

मला प्रश्नच कळेना. मी थांबलो कुठे होतो? त्या दिवशी सकाळीसुद्धा मेसमध्ये पेपर वाचूनच आलो होतो. घाईघाईत म्हणालो, ‘नो सर, आय ॲम रीडिंग.’ त्यावर त्यांनी विचारलं, ‘विच बुक?’

ती नोकरी मिळाली नाही. कारणं आणखीही असतील, माझा कोडिंगचा राउंडही फार भारी झाला नव्हता. पण ते दोन प्रश्न डोक्यातून गेले नाहीत. मी एकच साधी गोष्ट सांगत होतो, ‘मी रोज पेपर वाचतो.’ त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, ‘पूर्वी वाचायचो, आता नाही.’ दुसऱ्यांदा ऐकलं, ‘सध्या काहीतरी वाचतोय.’ मला हवं होतं ते वाक्य फक्त चार शब्दांचं होतं आणि पाचवीतल्या मुलालाही आलं असतं, ‘आय रीड द न्यूजपेपर.’ हवं तर पुढे ‘एव्हरी डे’.

राज्यातल्या मराठी शाळांमध्ये २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. माझी पिढी त्यातलीच. व्याकरणाचे तक्ते आम्ही पाठ केले, काळ ओळखा, वाक्य बदला, सगळं केलं. तरी स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ आली की गाडी अडते. आणि बहुतेक वेळा ती ‘जेव्हा’पाशी अडते. चहा चुकला की डोकं दुखतं, पाऊस आला की नेट जातं, घरी गेल्यावर आधी आंघोळ करतो. आपलं निम्मं आयुष्य अशाच वाक्यांत असतं.

‘वन्स रीच्ड, विल कॉल’

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज तुम्हीही पाहिला असेल, कदाचित पाठवलाही असेल. ‘व्हेन आय रीच्ड, आय विल कॉल यू.’ यातला ‘रीच्ड’ येतो कुठून? तो थेट मराठीतून येतो. आपण म्हणतो, ‘पोचलो की फोन करतो.’ ‘पोचलो’ हे रूप भूतकाळाचं दिसतं, म्हणून डोक्यातला ट्रान्सलेटर तिथे ‘रीच्ड’ बसवतो.

पण मराठीतला हा ‘पोचलो’ भूतकाळ सांगतच नाही. तो फक्त एवढंच सांगतो की पोचण्याचं काम पूर्ण होईल, मग फोन होईल. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

पाऊस आला की लाइट जाते.
पाऊस आला की लाइट जाईल.
पाऊस आला की लाइट जायची.

पहिलं नेहमीचं, दुसरं पुढचं, तिसरं जुन्या दिवसांचं. तिन्हींमध्ये ‘पाऊस आला की’ जसंच्या तसं आहे. काळाचं सगळं ओझं शेवटचं क्रियापद उचलतं. इंग्रजीत तसं चालत नाही, तिथे दोन्ही तुकड्यांना काळ दाखवावा लागतो.

नेहमीचं असेल तर ‘व्हेन इट रेन्स, द पॉवर गोज आउट.’
पुढचं असेल तर ‘व्हेन इट रेन्स, द पॉवर विल गो आउट.’
जुनं असेल तर ‘व्हेन इट रेन्ड, द पॉवर वुड गो आउट.’

पहिल्या दोन वाक्यांत ‘रेन्स’च आहे, हे लक्षात आलं का? पुढच्या काळाबद्दल बोलतानाही ‘व्हेन’च्या तुकड्यात ‘विल’ येत नाही. म्हणून ‘व्हेन आय विल रीच’ चूक आणि ‘व्हेन आय रीच्ड, आय विल’ सुद्धा चूक. बरोबर काय? ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ ‘वन्स’, ‘ॲज सून ॲज’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांनाही हाच नियम.

कॉलेजात आम्ही ‘इफ-एल्स’ लिहायचो, त्यामुळे मी हे कोडसारखं लक्षात ठेवलं. नेहमी घडणाऱ्या गोष्टीत दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ. डावीकडे ‘रेन्स’, उजवीकडे ‘गोज’. जोडीतला एक जरी बदलला तरी अर्थ बदलतो.

आणखी एक. आपण ‘जेव्हा’ म्हटलं की ‘तेव्हा’ येतोच, जोडीनेच फिरतात ते. त्यामुळे ‘व्हेन आय गो होम, देन आय टेक बाथ’ असं तोंडून निघतं. इंग्रजीतल्या ‘व्हेन’ला सहसा ‘देन’ची सोबत लागत नाही. तो काढून टाका. वाक्य लगेच सुटसुटीत वाटेल.

दुखतं की दुखतंय?

आता गंमत बाजूला ठेवू, कारण इथे प्रकरण गंभीर होऊ शकतं. मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेत, असं चित्र आता पुण्या-मुंबईतच नाही, जिल्ह्याच्या गावांतही घरोघरी दिसतं. समजा, बाबांना जिना चढताना छातीत भरून येतं. थांबलं की बरं वाटतं. मुलगी ऑफिसला गेलीये. बाबा फोनवर सांगतात, ‘आय ॲम हॅविंग चेस्ट पेन.’

ऐकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ, आत्ता, या क्षणी छातीत दुखतंय. तिकडून ॲम्ब्युलन्स निघू शकते. आणि निघायलाच हवी, कारण त्यांनी ऐकलं तेच तसं आहे. उलटही होऊ शकतं. खरोखर आत्ता दुखत असताना ‘आय गेट चेस्ट पेन’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की ही अधूनमधून होणारी तक्रार आहे.

डॉक्टरांना हा फरक का हवा असतो? श्रमाने दुखणं आणि विश्रांतीने थांबणं ही एक प्रकारची खूण आहे. तीही तपासून घ्यावीच लागते. पण बसल्या जागी सुरू झालेलं आणि न थांबणारं दुखणं ही त्याहून तातडीची गोष्ट. दुखणं कधी सुरू होतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं, हे डॉक्टर विचारतात आणि या सगळ्याची उत्तरं ‘व्हेन’च्या वाक्यांत असतात. बाबांनी म्हणायला हवं होतं, ‘आय गेट अ टाइटनेस इन माय चेस्ट व्हेन आय क्लाइंब स्टेअर्स. इट गोज अवे व्हेन आय रेस्ट.’

आता बघा, हा फरक बाबांना माहीत नाही का? अगदी पक्का माहीत आहे. मराठीत ते कधीच चुकणार नाहीत. जिना चढताना ‘दुखतं’ आणि आत्ता ‘दुखतंय’. ‘दुखतं’ला साधा वर्तमानकाळ, ‘आय गेट’ किंवा ‘इट हर्ट्स’. ‘दुखतंय’ला ‘आय ॲम हॅविंग’ किंवा ‘इट इज हर्टिंग’. करतो-करतोय, येतो-येतोय, झोपतो-झोपतोय, सगळीकडे हेच. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठीत स्वतःला एकदा विचारा, मी ‘तो’ म्हणतोय की ‘तोय’? निम्मी ‘आयएनजी’ तिथेच गळून पडतील. (हे वाक्य ज्यात ‘म्हणतोय’ आहे, त्यात ती राहील.)

मग इतकं स्पष्ट असताना आपण ‘आय ॲम गेटिंग अप ॲट सिक्स डेली’ का म्हणतो? माझा अंदाज असा की आपल्याला ‘आयएनजी’ लावलं की वाक्य जास्त इंग्रजी वाटतं. ‘आय गेट अप’ फारच उघडंवाघडं वाटतं. शिवाय मराठीत ‘मी रोज व्यायाम करत असतो’ असंही आपण म्हणतो, त्यातला ‘करत’ इंग्रजीत ‘डुइंग’ होऊन उतरत असावा.

प्रत्यक्षात अशी वेळ आली आणि आत्ता दुखत असेल, तर व्याकरणाचा विचार करत बसू नका. ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११ लावा आणि ‘चेस्ट पेन, नाऊ’ एवढं म्हटलं तरी पुरे. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये अपॉइंटमेंटसाठी दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे पेशंटला द्यावे लागत नाहीत. आईबाबांना हे जाण्याआधीच सांगून ठेवा.

मग ‘आयएनजी’ कधीच नाही?

असंही नाही. यूट्यूबवरच्या काही सरांनी ‘सवय असेल तर आयएनजी बंद’ असा सरसकट नियम करून टाकलाय, तो अर्धवट आहे. ‘आय लिसन टु पॉडकास्ट्स व्हेन आय ॲम ट्रॅव्हलिंग’ हे वाक्य एकदम बरोबर आहे. सवय आहे पॉडकास्ट ऐकण्याची, तिथे ‘लिसन’. प्रवास मागे चालू आहे, तो पडद्यासारखा, म्हणून तिथे ‘ट्रॅव्हलिंग’. मराठीत आपण इथे ‘प्रवास करताना’ म्हणतो. म्हणजे ‘-ताना’ असेल तर ‘व्हेन’च्या तुकड्यात ‘आयएनजी’ चालतं, पण मुख्य वाक्य साधंच राहतं.

आणि एक खास वापर. ‘ही इज ऑल्वेज कॉलिंग मी व्हेन आय ॲम ड्रायव्हिंग.’ सवयच आहे, तरी ‘कॉलिंग’. का? कारण इथे नुसती माहिती नाही, वैताग आहे. मराठीत आपण ‘हा सारखा मी गाडी चालवत असतानाच फोन करत असतो’ म्हणतो, तोच सूर. त्यामुळे इंटरव्ह्यूत ‘माय मॅनेजर इज ऑल्वेज गिव्हिंग मी न्यू वर्क’ म्हणताना जपून. तुम्हाला कौतुक करायचं असेल, समोरच्याला तक्रार ऐकू येईल.

‘व्हेनेव्हर आय वॉज अ चाइल्ड’

‘व्हेनेव्हर’ म्हणजे ‘जेव्हा जेव्हा’, हे सगळ्यांना पाठ असतं. ‘व्हेनेव्हर आय ड्रिंक कॉफी ॲट नाइट, आय कान्ट स्लीप.’ रात्री कॉफी घेतली की झोप उडते, एकदाही चुकत नाही. ‘व्हेन’ही चाललं असतं, ‘व्हेनेव्हर’ने जोर आला इतकंच.

फरक पडतो तो भूतकाळात. ‘व्हेन आय मेट हिम, ही आस्क्ड फॉर मनी.’ ऐकणारा समजतो, एकदा भेटला तेव्हा मागितले. ‘व्हेनेव्हर आय मेट हिम, ही आस्क्ड फॉर मनी.’ आता कळलं, भेटला की मागायचा. एका माणसाची सगळी ओळख बदलली. मराठीत हे काम ‘तेव्हा’ आणि ‘की’ करतात, शिवाय ‘मागितले’ आणि ‘मागायचा’ करतात. इंग्रजीत क्रियापद तेच राहिलं, तर ‘व्हेनेव्हर’ला ते ओझं उचलावं लागतं.

मात्र जे एकदाच घडलं किंवा सलग होतं, त्याला ‘व्हेनेव्हर’ लावायचं नाही. ‘व्हेनेव्हर आय वॉज अ चाइल्ड’ म्हणजे ‘जेव्हा जेव्हा मी लहान व्हायचो’. बालपण अधूनमधून येत नाही. गंमत म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये लोक सर्रास असं बोलतात, तिथल्या बोलीत ‘व्हेनेव्हर’ साध्या ‘व्हेन’च्या जागी येतो. बेलफास्टला गेलात तर कुणी हसणार नाही. परीक्षेत मात्र लिहू नका.

‘एव्हरी टाइम’ची चूक याहून बारीक आहे. ‘एव्हरी टाइम व्हेन आय गो देअर’ असं आपण म्हणतो, कारण मराठीत ‘दर वेळी जेव्हा’ येतं. इंग्रजीत ‘एव्हरी टाइम’ स्वतःच ‘जेव्हा’चं काम करतं. ‘एव्हरी टाइम आय गो देअर, आय मीट समवन न्यू.’ मध्ये ‘व्हेन’ नको.

‘यूज्ड टु’: सगळ्यात महागडी चूक

आता माझ्या इंटरव्ह्यूकडे. ‘यूज्ड टु’ म्हणजे मराठीतलं ‘-यचो’. वाचायचो, जायचो, खेळायचो. यात ‘आता नाही’ हे न बोलताच आलेलं असतं. पण आपल्याकडे ‘यूज’ हा शब्द ‘सवय’शी जोडून शिकवला जातो, आणि सध्याच्या सवयीलाही तोच लावला जातो. ‘आय यूज्ड टु वेक अप ॲट फाइव्ह’ असं कित्येक जण अभिमानाने सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारा, आता उठवत नाही.

बायोडेटात, लिंक्डइनवर, कव्हर लेटरमध्ये ही चूक ठायी ठायी दिसते. ‘आय यूज्ड टु हँडल प्रेशर बाय मेकिंग अ लिस्ट.’ म्हणजे आता हाताळता येत नाही? सध्याच्या सवयीला साधा वर्तमानकाळच हवा, ‘व्हेन आय ॲम अंडर प्रेशर, आय मेक अ लिस्ट.’ फार तर ‘यूजुअली’ घाला.

पूर्वी इंग्रजीत ‘आय यूज टु’ असं वर्तमानकाळातही म्हणायचे, म्हणजे आपली चूक काही शतकं उशिरा आली इतकंच. आज ते रूप मेलंय. उच्चारही ‘यूज्ड टू’ नाही, बोलताना तो ‘यूस्टु’ असा एकच शब्द होतो. ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली’ हा वेगळा प्राणी, त्याचा अर्थ ‘मला लवकर उठायची सवय झालीये’. ‘ॲम’ आहे की नाही, एवढ्यावर अर्थ उलटतो.

जुन्या आठवणी सांगताना दुसरं हत्यार म्हणजे ‘वुड’. ‘व्हेन वी वर किड्स, वी वुड स्पेंड मे इन आवर व्हिलेज. माय ग्रँडमदर वुड वेक अस अप अर्ली.’ लहानपणी मे महिना गावी असायचो, आजी लवकर उठवायची. ऐकायला छान वाटतं, गोष्ट सांगितल्यासारखं. पण याला दोन अटी. एक, काळ कोणता ते आधी सांगितलेलं हवं, नाहीतर ऐकणारा बुचकळ्यात पडतो. दोन, ‘वुड’ कृतीला लागतो, स्थितीला नाही. ‘आमच्याकडे स्कूटर होती’ याला ‘वी वुड हॅव अ स्कूटर’ म्हणता येत नाही, ‘वी यूज्ड टु हॅव अ स्कूटर’ म्हणावं लागतं.

आणि किती वेळा ते मोजून सांगितलं की दोन्ही बाद. ‘आय यूज्ड टु गो देअर थ्री टाइम्स’ चूक, ‘आय वेंट देअर थ्री टाइम्स’ बरोबर. हा नियम पाठ करायची गरजच नाही. ‘मी तिथे एकूण तीनदा जायचो’ असं मराठीत म्हणून बघा, कानाला खटकतं. ‘तीनदा गेलो’ बरोबर वाटतं. ‘आठवड्यातून तीनदा जायचो’ मात्र चालतं, आणि इंग्रजीतही ‘थ्री टाइम्स अ वीक’ म्हटलं की ‘यूज्ड टु’ चालतं.

‘अनटिल’मधला जादा ‘नॉट’

हे थोडक्यात. ‘जोपर्यंत आई फोन करत नाही तोपर्यंत मी जेवत नाही.’ यात दोन ‘नाही’ आहेत आणि दोन्ही मराठीत योग्य आहेत. इंग्रजीत ‘अनटिल शी डझन्ट कॉल’ म्हटलं की घोळ होतो. ‘आय डोन्ट ईट अनटिल शी कॉल्स.’ एकच ‘नाही’. मराठीतलं ‘आईचा फोन येईपर्यंत मी जेवत नाही’ हे वाक्य मनात धरलं, तर चूक होणारच नाही. त्यातही एकच ‘नाही’ आहे.

परीक्षेत हे कुठे लागतं?

आयईएलटीएसची स्पीकिंग टेस्ट ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, काम, आवडी, रोजचा दिवस यांवर प्रश्न असतात, म्हणजे सगळी ‘करतो’ची वाक्यं. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. तिथे बहुतेकदा एखादा अनुभव किंवा एखादी व्यक्ती असते, म्हणजे ‘केलं’ आणि ‘करायचो’ यांची सरमिसळ. गुण चार निकषांवर समान वाटलेले असतात आणि त्यातला एक व्याकरणाची अचूकता आणि वैविध्य यांचा आहे. सगळी वाक्यं सुटी सुटी, तीन-चार शब्दांची बोललात तर चुका होणार नाहीत, पण वैविध्यही दिसणार नाही. ‘व्हेन’ने जोडलेली दोन वाक्यं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

नोकरीच्या इंटरव्ह्यूत थोडं वेगळं. ‘हाऊ डू यू हँडल कॉन्फ्लिक्ट?’ असं विचारलं तर सवय सांगायची, साध्या वर्तमानकाळात. ‘टेल मी अबाउट अ टाइम व्हेन’ अशी सुरुवात झाली तर त्यांना एकच घटना हवी असते, भूतकाळात. तिथे ‘व्हेनेव्हर देअर वॉज अ प्रॉब्लेम, आय वुड’ असं गोल गोल सुरू केलं की समोरचा समजतो, याच्याकडे सांगण्यासारखी खरी घटना नाही. उलट पहिल्या प्रश्नाला एकच किस्सा सांगितला तर वाटतं, एकदाच जमलं असेल.

क्रमाकडेही बघा. मराठीत आपण आधी ‘जेव्हा’चा तुकडा सांगतो, मग मुद्दा. इंग्रजीत दोन्ही चालतं, पण प्रश्नाचं उत्तर देताना मुद्दा आधी ठेवला तर ऐकणाऱ्याला सोपं जातं. ‘आय आस्क फॉर हेल्प व्हेन आय ॲम स्टक.’ लिहिताना ‘व्हेन’चा तुकडा आधी असेल तर मध्ये स्वल्पविराम, नंतर असेल तर सहसा नाही.

सराव करायचा असेल तर पुस्तक नको. आज दिवसभरात तुम्ही ‘की’ कितीदा वापरता ते मोजा. गाडी आली की, बॉस निघाला की, गॅस संपला की, पगार झाला की. त्यातली पाच वाक्यं मोबाइलच्या नोट्समध्ये मराठीत लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा, नेहमीचं, पुढचं की जुनं. मगच इंग्रजी करा. मी गेल्या आठवड्यात केलेल्या यादीत पहिलं वाक्य होतं, ‘लोकलमध्ये जागा मिळाली की मी पेपर वाचतो.’ व्हेन आय गेट अ सीट ऑन द ट्रेन, आय रीड द न्यूजपेपर.